एक्स्ट्रा अन्येहो टकीला: काही महिने वापरल्यानंतर, आणि त्या बुचाबद्दल सविस्तर

एक्स्ट्रा अन्येहोची, म्हणजे लाकडी पिंपात सगळ्यात जास्त मुरवलेल्या वर्गातल्या टकीलाची, बाटली अर्ध्यावर आली आणि बूच मानेतच तुटलं. वरची जड लाकडी टोपी हातात, कॉर्कचा तुकडा आत. पाच आकडी किमतीच्या बाटलीचं हे बूच! दुकानदाराने सील फोडलेला माल परत घेत नाही म्हणून हात वर केले. आयातदाराच्या हेल्पलाइनने फोटो, बिल, लॉट नंबर सगळं मागून घेतलं आणि शेवटी तेच ऐकवलं. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण अशी बुचं बऱ्याच महागड्या टकीलांवर असतात. चवीबद्दल पुढे लिहिलंय, पण आधी बूच.

टोपी आणि कॉर्क गोंदाने चिकटवलेले असतात. कॉर्क अखंड सालीचा असेल तर टिकतो. कॉर्कचा चुरा गोंदात दाबून केलेलं बूच असेल तर ३८-४० टक्के अल्कोहोलची वाफ लागून लागून ते ठिसूळ होतं. म्हणून टकीला वाइनसारखी आडवी ठेवायची नाही, कायम उभी. पण एसीच्या कोरड्या खोलीत उभी राहून राहून बूच सुकतं, आकसतं आणि हवा आत जायला लागते. यावर उपाय म्हणजे महिन्यातून एकदा बंद बाटली दोन-तीन सेकंद कलती करायची, बूच ओलं झालं की लगेच उभी.

उघडताना टोपी घट्ट धरून बाटली फिरवायची. बूच सैल झालं की सरळ वर काढायचं. वाकडं ओढलं की टोपी सुटते. तुटलंच तर आत ढकलू नका. वाइनचा स्क्रू किंचित तिरका घालून हळू फिरवला की तुकडा काचेवर दाबला जातो आणि पकड येते. चुरा पडला तर कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा; पेपर आधी गरम पाण्याने धुवा, नाहीतर कागदाची चव उतरते. मलमलचं फडकं वापरत असाल तर साबणाचा किंवा कम्फर्टचा वास नाही ना ते बघा. आणि व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्यांची सिंथेटिक बुचं फेकू नका. मानेचा आतला व्यास मोजून जुळणारं एक बाजूला ठेवलं की प्रश्न मिटला.

एवढ्याशा बुचाचा एवढा बाऊ करण्याचं कारण म्हणजे हवा.

सील फोडल्यावरचं पहिलं मत फारसं चांगलं नव्हतं. नुसतं लाकूड: व्हॅनिला, दालचिनी, सुकं खोबरं. अगावे (ज्या वनस्पतीपासून टकीला बनते ती) कुठे शोधायचा? तसं हे या वर्गाच्या नियमातच आहे. एक्स्ट्रा अन्येहो हा वर्ग मेक्सिकोने २००६ साली मान्य केला: किमान ३ वर्षं ओकच्या पिंपात, आणि पिंप ६०० लिटरपेक्षा मोठं नको. कमी मुरवलेल्या वर्गांपैकी अन्येहोला किमान १ वर्ष, रेपोसादोला २ महिने. प्रत्यक्षात अनेक डिस्टिलरी बर्बनची (अमेरिकन व्हिस्कीची) वापरलेली, साधारण २०० लिटरची पिंपं घेतात. पिंप जितकं लहान तितका दारूचा लाकडाशी संबंध जास्त.

पण दोन-तीन पेग गेल्यावर, बाटलीत थोडी हवा शिरल्यावर, मत बदलावं लागलं. वरचा तिखटपणा उतरला आणि खालून शिजलेला अगावे वर आला: भाजलेल्या रताळ्यासारखा गोड, थोडा मातकट, मागे मिरीची झाक. बाटली पाऊण भरलेली असताना ती सगळ्यात सुंदर लागते. तो टप्पा घाईत संपवू नका.

अर्ध्याखाली मात्र उतरण लागते. हलके गंध (फळांचे, फुलांचे, मिरीचे) रिकाम्या जागेत उडतात, उरलेल्यांवर ऑक्सिजन काम करतो आणि शेवटी सपाट व्हॅनिला तेवढा राहतो. दारू खराब होत नाही, प्यायला काही धोका नसतो. ज्यासाठी एवढे पैसे मोजले ते मात्र निघून जातं. बूच ढिलं असेल तर हे आणखी लवकर.

यावरचा इलाज फुकटात होतो. ३७५ मिली उरली की १८० मिलीच्या दोन काचेच्या क्वार्टरमध्ये ओतायची. राहिलेले १५ मिली त्याच दिवशी चाखायला. क्वार्टर काचेचीच हवी, प्लास्टिकची नको. व्होडकाची सगळ्यात चांगली. रमची घेऊ नका, झाकणातल्या अस्तराला बसलेला रमचा वास जात नाही. बाटली दोनदा कडकडीत पाण्याने धुवा, साबण नको, दिवसभर पालथी ठेवून पूर्ण वाळवा आणि नाक लावून बघा. मानेपर्यंत भरा, पण वर बोटभर जागा ठेवा; उन्हाळ्यात अल्कोहोल पाण्यापेक्षा जास्त फुगतं. चिकटपट्टीवर नाव आणि तारीख लिहा. अंधाऱ्या कपाटात ठेवा, गॅसच्या वरच्या कपाटात नको. एक क्वार्टर संपेपर्यंत दुसरी उघडायची नाही. अशी ठेवलेली दारू आणि मोठ्या बाटलीत राहिलेली दारू शेजारी शेजारी चाखली तर फरक नवख्यालाही कळतो.

आता पिण्याबद्दल. मीठ-लिंबू-शॉट हा प्रकार इथे पूर्ण वाया. ३० मिली, तोंडाला निमुळता ग्लास. व्हिस्कीचा ग्लेनकेर्न ग्लास चालतो, शॉट ग्लासमध्ये वासाला जागाच नसते. ओतल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा. वास घेताना ओठ किंचित उघडे ठेवा, ग्लास आधी हनुवटीपाशी, मग हळूहळू वर. थेट नाक खुपसलं की अल्कोहोलने नाक बधिर होतं. पहिला घोट अगदी छोटा, फक्त जिभेला सवय व्हायला. चव दुसऱ्या घोटापासून बघायची.

पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात खोलीच ३२-३३ अंशांवर असते, तेव्हा ग्लासातून नुसतं स्पिरिट उठतं. बर्फ टाकू नका, पाणी सुटत जातं आणि गारठ्याने वास मिटतो. ओतलेला ग्लास वर बशी ठेवून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझर नाही. पाणी घालायचं तर थेंबाथेंबाने: ३० मिली, ४० टक्क्यांच्या टकीलात ३ मिली पाणी घातलं की ती साधारण ३६ टक्क्यांवर येते. तिथेच थांबा.

चकण्यात चिवडा, लसूणशेव, कांदा-लिंबू मारलेला मसाला पापड यातलं काहीच चालत नाही. तिखट आणि आंबट दोन्ही लाकडाची चव मारतात. खारे बदाम, ७० टक्क्यांचं डार्क चॉकलेट किंवा संत्र्याची फोड पुरते.

गोडव्याबद्दल एक शंका शेवटपर्यंत राहिली. लेबलवर १०० टक्के अगावे असलं तरी नियमाने वजनाच्या १ टक्क्यापर्यंत ग्लिसरीन, कॅरमेल रंग, ओकचा अर्क, साखरेचा पाक घालता येतो आणि लेबलवर ते सांगणं बंधनकारक नाही. एक थेंब तळहातांवर चोळून सुकू द्या. चिकट लागलं तर संशय घ्यायला जागा आहे. दुसरं, रिकामा ग्लास न धुता रात्रभर ठेवा आणि सकाळी वास घ्या. अगावे आणि लाकूड आलं तर उत्तम, केकच्या आयसिंगसारखा व्हॅनिला आला तर मी ती बाटली पुन्हा घेणार नाही. या दोन्ही गोष्टी खुणा आहेत, पुरावा नव्हे. गडद रंगावरून वय ठरवू नका. लेबलवरचा चार आकडी नोम नंबर कोणत्या डिस्टिलरीत बनली ते सांगतो, दर्जा नाही. एकाच नंबरखाली स्वस्त आणि महाग दोन्ही बाटल्या निघतात.

घेतानाच दुकानात बघा: मानेतली पातळी शेजारच्या बाटलीइतकी आहे का, सीलखाली टोपी हलते का, मानेवर चिकट ओघळ आहे का. नंतर कोणी दाद देत नाही. आयात दारूवर जबर सीमाशुल्क आणि त्यावर राज्याचे कर, म्हणून परदेशातून येणारं कोणी असेल तर ड्यूटी-फ्रीची २ लिटरची मुभा अशाच बाटलीसाठी वापरावी.

याच पैशात पुढच्या वेळी मी एक्स्ट्रा अन्येहो घेणार नाही, साधी अन्येहो घेईन. तिच्यात अगावे पहिल्या पेगपासून समोर असतो आणि किंमत बरीच खाली येते. ३७५ मिलीची बाटली मिळाली तर तीच. आणि तळाशी सपाट झालेली ६० मिली उरली असेल तर ती ओतून देऊ नका: ५ मिली साखरेचा पाक, अँगोस्टुरा बिटर्सचे (कडवट मसालेदार अर्काचे) दोन शिंतोडे, एक मोठा बर्फ, वर संत्र्याची साल पिळून. ओल्ड फॅशन्ड नावाच्या या कॉकटेलला तो सपाट व्हॅनिला चांगला चालतो.