दादर-माटुंग्यात आठ महिने बाहेर जेवल्यानंतर

आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि गेल्या जूनमध्ये मी व माझे वडील हिंदू कॉलनीतल्या एका भाड्याच्या खोलीत राहायला आलो. चहापुरती विजेची शेगडी सोडली तर खोलीत स्वयंपाकाची काहीच सोय नव्हती, त्यामुळे जून ते जानेवारी असे आठ महिने रात्रीचे जेवण आणि सुट्टीच्या दिवशी दोन्ही वेळचे खाणे आम्ही दादर-माटुंग्यातल्या हॉटेलांत आणि खानावळींत घेतले. या भागातल्या हॉटेलांवर पुष्कळ लिहिले जाते, परंतु लिहिणारे बहुधा एकदा जाऊन गाजलेला एखादा पदार्थ खाऊन आलेले असतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या आणि दाढा पडलेल्या माणसाला घेऊन जिथे आठवड्यातून तीनदा बसायचे आहे, तिथे वरण कसे आहे, पोळी ताटात येईपर्यंत मऊ राहते का आणि रात्री साडेनऊला गेले तरी सांबाराची चव तीच असते का, यावर सगळे ठरते. पुढचे सगळे मत मी याच अंगाने मांडले आहे.

आमचे सर्वांत जास्त जाणे माटुंग्याच्या रामा नायकांकडे झाले. माटुंगा स्थानकाजवळ लालबहादूर शास्त्री मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर असलेले हे ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ १९४२ साली सुरू झाले. केळीच्या पानावरचे जेवण म्हणून त्याचा लौकिक आहे आणि तो योग्यच आहे, तरी मला इथले मोल कळले ते वाढण्याच्या पद्धतीत. वाढणारा बादली आणि पळी घेऊन रांगेने येतो, तुमच्याकडे पाहण्याआधी पानाकडे पाहतो, आणि जे संपले असेल तेवढेच वाढतो. बाबा भात अगदी थोडा घेतात आणि रसम मात्र वाटीने पितात. दुसऱ्या आठवड्यात त्यांना वाढणाऱ्याने भाताची पळी पुढे न करता आधी रसमची वाटी भरली, आणि त्यानंतर आम्हाला कधी सांगावे लागले नाही. रसम पातळ, मिऱ्याचा झटका घशाशी लागेल इतका गरम आणि पानावरच्या बाकी कुठल्याही पदार्थापेक्षा आधी संपणारा. भाज्या रोज वेगळ्या असल्या तरी तेल हाताला लागत नाही. बाहेरचे जेवण रोज जेवणाऱ्याला ही गोष्ट किती महत्त्वाची वाटते ते पहिल्या महिन्यातच कळते, कारण पोट आधी तेलालाच कंटाळते.

किंग्ज सर्कलच्या बाजूला १९४० पासून चालू असलेले कॅफे मद्रास आमच्या उपयोगाचे ठरले ते नाचणीच्या डोशामुळे. साध्या डोशात तांदूळ असतो आणि रात्री तो खाल्ला की बाबांची सकाळची साखर चढलेली दिसायची. नाचणीचा डोसा घ्यायला लागल्यावर ती तेवढी चढत नाही, असे आमच्या वहीतल्या नोंदी सांगतात. हा एका माणसाचा अनुभव आहे, तो प्रत्येकाला लागू होईल असे मी म्हणणार नाही. रविवारी सकाळी इथे नाव लिहून पदपथावर बराच वेळ उभे राहावे लागते आणि वयस्कर माणसाला घेऊन ते जमत नाही. कामाच्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत गेल्यास जागा सहज मिळाली. दुसऱ्यांबरोबर टेबल वाटून घ्यावे लागते, याची तयारी ठेवावी. कॉफी उत्तम आहे, आणि बिनसाखरेची मागितली तर वेटर चेहरा न बदलता आणून देतो.

सोमवारी ही दोन्ही ठिकाणे बंद असतात, म्हणून सोमवार हा आमचा टिळक पूल ओलांडून दादर पश्चिमेला जाण्याचा वार झाला.

पश्चिमेला शिवसेना भवनासमोर आस्वाद आहे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या हॉटेलच्या मिसळीला २०१५ साली लंडनमधल्या फूडीहब पुरस्कारांत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवले गेले, आणि तेव्हापासून बाहेरगावचा माणूस आला की आधी मिसळच मागतो. मिसळ चांगलीच आहे, मात्र इथे पुन्हा पुन्हा जावेसे वाटते ते थालीपिठासाठी. भाजणीचा खमंगपणा, मधल्या भोकापाशी कुरकुरीत झालेली कड आणि वर विरघळणारा लोण्याचा गोळा, असे थालीपीठ मला घराबाहेर अन्यत्र मिळालेले नाही. बाबा कडा माझ्या ताटात सरकवतात आणि मऊ मधला भाग दह्यात बुडवून खातात. जवळच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष घ्यावे, हे दादरकरांना सांगायला नको. श्रीखंड आणि ताक घुसळून जायफळ घातलेले पियूष मधुमेह्यांसाठी नाही, तेव्हा ते मी एकट्याने, तेही महिन्यातून एकदा घेतले. स्थानकाजवळ १९१० पासूनचे मामा काणे आहे. तिथला बटाटावडा उभ्या उभ्या खाण्यासाठी ठीक, जेवणासाठी आम्ही तिथे फार गेलो नाही.

मासळीच्या बाबतीत महिना पाहून जावे, हा माझा ठाम आग्रह आहे. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. या काळात ताटात आलेली सुरमई बहुतेक वेळा बर्फातली असते, आणि तिचे तुकडे तळल्यावर आतून कोरडे, तंतू सुटलेले निघतात. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीतल्या एका छोट्या मालवणी खानावळीत जुलैमध्ये मी सुरमई मागितली तेव्हा गल्ल्यावरच्या बाईंनी सरळ सांगितले, “दादा, आज सुरमई घेऊ नका, सुकटीचं कालवण केलंय, ते घ्या.” त्यांनी महाग ताट विकले असते तर मला कळलेही नसते. नारळी पौर्णिमेनंतर त्याच ठिकाणी ताज्या बांगड्याची तिरफळ घातलेली आमटी खाल्ली, आणि तेव्हापासून मासे म्हटले की आम्ही दुसरीकडे गेलो नाही.

आता तक्रारी. ऑगस्टमध्ये एका जवळच्या हॉटेलात, ज्याचे नाव मी लिहीत नाही, रात्री दहाच्या सुमारास घेतलेली आमटी किंचित आंबूस लागली. मी वाटी बाजूला सारली, पण बाबांनी भातावर कालवलेली खाऊन संपवली होती, आणि पुढचे दोन दिवस त्यांचे जुलाबाने फार हाल झाले. शिजलेली डाळ तासन्‌तास कोमट राहिली की तिच्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि पावसाळी हवेत तर अधिकच. त्या रात्री मुदपाकखान्याच्या दाराशी आमटीचे पातेले आचेवरून उतरवून खाली ठेवलेले मी आत जाताना पाहिले होते आणि त्याकडे दुर्लक्ष केले होते. तेव्हापासून उशिरा जेवायला गेलो तर वाटीतून वाफ येते का ते पाहतो, आणि येत नसेल तर गरम करून मागतो. दोन ठिकाणी यावर कपाळाला आठ्या पडल्या. तिथे आम्ही जाणे बंद केले.

दुसरी तक्रार बिलाची. वातानुकूलित आणि नव्याने सजवलेल्या एका ठिकाणी बिलात जीएसटीच्या खाली सेवाशुल्काची वेगळी ओळ होती. उपाहारगृहाने हे शुल्क आपोआप लावू नये, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक सूचना ४ जुलै २०२२ ची आहे. मी ती शांतपणे सांगितली, व्यवस्थापकांनी थोडा वाद घातला आणि शेवटी नवे बिल आणले. पैसा मोठा नव्हता, परंतु शेजारच्या टेबलावरचे वृद्ध जोडपे तीच ओळ न वाचता पैसे मोजत होते, ते पाहून मला फार वाईट वाटले. ज्याला वाढल्याबद्दल काही द्यायचे आहे, तो वेटरच्या हातात देतोच.

घरपोच मागवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. डोसा डब्यात बंद झाला की स्वतःच्या वाफेने दहा मिनिटांत लवतो, वडा तेलकट होतो, आणि सांबाराची पिशवी एकदा तरी फुटते. मुसळधार पावसात नाइलाज झाला तेव्हा आम्ही इडली आणि दहीभात मागवला. हेच दोन पदार्थ प्रवास सोसतात.

फेब्रुवारीत नव्या भाड्याच्या घरी गॅस आला आणि आता घरी वरणभात होतो. तरीही बुधवारी संध्याकाळी बाबा स्वतःहून चप्पल घालून तयार बसतात, आणि आम्ही माटुंग्याला जातो. रामा नायकांकडे जायचे तर जिना चढावा लागतो, हे वयस्करांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावे. बाबा कठडा धरून मध्ये दोनदा थांबतात, म्हणून आम्ही गर्दी व्हायच्या आत पोहोचतो. तेव्हा मागून कोणी घाई करत नाही, वर बसायला लगेच जागा मिळते आणि रसमची पहिली बादली नुकतीच बाहेर आलेली असते.