ट्यूब टीव्ही दुरुस्तीसाठी स्वस्तातला कंपोनंट टेस्टर: पावसाळ्यापासून आतापर्यंतचा अनुभव

साताठशे रुपयांत ऑनलाइन मिळणारा छोटा टेस्टर बहुतेकांनी पाहिला असेल. हिरवट डिस्प्ले, एक बटण, आणि पार्टचे पाय खोचून खटका दाबायचा सॉकेट. आत एटीमेगा ३२८ चिप. मूळ डिझाइन जर्मनीतल्या हौशी मंडळींचं, खुलं ठेवलेलं. चिनी कारखान्यांनी ते उचललं. ट्रान्झिस्टर, डायोड, रेझिस्टर सगळं ओळखतो, पण मी घेतला फक्त ईएसआरसाठी, म्हणजे कपॅसिटरच्या आतला रोध मोजण्यासाठी. घरी आणि ओळखीच्यांकडे अजून २१ इंची ट्यूब टीव्ही आहेत. कुणाला जुन्या कॅसेटी बघायच्या असतात, कुणाला टीव्ही फेकवत नाही, आणि चित्र बिघडलं की ते माझ्याकडे येतात.

आधी ईएसआर कशाला हवा ते सांगतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं गरम राहिला की आतला द्रव सुकतो. मायक्रोफॅरड बऱ्याचदा ठीकठाक राहतात, वाढतो तो त्याच्या पोटातला रोध. साध्या मल्टीमीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर असा कपॅसिटर खुशाल पास होतो. माझ्याकडे एक काढून ठेवलेला आहे, १०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा. टेस्टर त्याची क्षमता ९२ दाखवतो आणि ईएसआर ९ ओहम. नवा असता तर अर्ध्या ओहमच्या आत असता. फुगलेला नाही, गळालेला नाही, दिसायला अगदी निर्दोष.

तो निघाला शेजारच्या काकांच्या टीव्हीतून. तक्रार अशी की चित्राचा वरचा भाग दोन बोटं आत दुमडतो, त्यावर पांढऱ्या रेघा, आणि टीव्ही पंधरा-वीस मिनिटं चालला की आपोआप बराच सुधारतो. हे शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. थंड असताना खराब आणि तापल्यावर ठीक, म्हणजे संशय सुकलेल्या कपॅसिटरवर, कारण गरम झाला की त्याचा रोध उतरतो. उलट असेल, म्हणजे सुरुवातीला ठीक आणि तापल्यावर बिघाड, तर मी आधी आयसी आणि ड्राय सोल्डर, म्हणजे सैल झालेले जोड, बघतो.

काकांच्या सेटमध्ये व्हर्टिकलला, म्हणजे बीम वर-खाली हलवणाऱ्या भागात, एलए ७८४० आयसी होता. पडद्यावर चित्र रेखाटणारा हा इलेक्ट्रॉनचा बीम खाली पोचला की त्याला साधारण एका मिलिसेकंदात परत वर न्यायचं असतं, आणि तेवढ्या वेळापुरता आयसीला सप्लायच्या जवळपास दुप्पट व्होल्टेज लागतं. ती उसनी ताकद पुरवतो आयसीशेजारचा पंप-अप कपॅसिटर. त्याचा रोध वाढला की उसळी कमी पडते, बीम वर पोचायच्या आतच नव्या चित्राच्या ओळी सुरू होतात आणि वरचा भाग दुमडतो. हा कपॅसिटर बऱ्याच सेटमध्ये हीटसिंकला खेटून बसवलेला असतो, मग सुकेल नाहीतर काय. बदलला, चित्र सरळ. आयसीला हातही लावावा लागला नाही. एरवी पुष्कळ ठिकाणी आयसीच आधी बदलला जातो.

मोजताना एक गोष्ट पाळा. कपॅसिटर नुकताच डीसोल्डर केलेला असेल तर तो गरम असतो, आणि गरम असताना तो खोटं बोलतो. बाजूला ठेवा, गार होऊ द्या, मग मोजा. काढलेल्या पार्टचे पाय आखूड असतात आणि सॉकेटमध्ये धड बसत नाहीत, म्हणून मी क्रोकोडाइल क्लिपच्या छोट्या वायरी जोडून घेतल्या.

टेस्टर दुसऱ्यांदा कामी आला तो पांढऱ्या अक्षरांमागे उजवीकडे शेपूट येणाऱ्या सेटवर. ट्यूबच्या मानेवरच्या बेस पीसीबीला १८० ते २०० व्होल्टचा सप्लाय लागतो. त्यावरचा १० मायक्रोफॅरड २५० व्होल्टचा फिल्टर सुकला की असा पसारा होतो. पण तो बदलूनही शेपूट तशीच राहिली आणि पांढरा रंग चंदेरी दिसू लागला, तर पिक्चर ट्यूब थकली समजा. टेस्टर तिथे काय करणार?

आता उणिवा. हा मीटर बोर्डावर लावून मोजायचा नाही, निदान एक पाय तरी उचलावाच लागतो. तपासणी ५ व्होल्टच्या आत होते, त्यामुळे १६० व्होल्टला लीक होणारा कपॅसिटर इथे शहाण्यासारखा वागतो. डी २४९९ सारखा हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर (बीम आडवा हलवणाऱ्या भागातला) तर तो ओळखतच नाही. आत डॅम्पर डायोड आणि बेस-एमिटरमध्ये रेझिस्टर असल्याने स्क्रीनवर भलतंच काहीतरी येतं. नवीन माणूस चांगला पार्ट कचऱ्यात टाकेल. ईएचटीतला, म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधला, शॉर्ट झालेला वेढाही कळत नाही. त्यासाठी अजूनही सप्लायच्या वाटेत जोडलेला सिरीज बल्बच बरा. आणि पडद्यावर नुसती एक आडवी रेघ असेल तर आधी ब्राइटनेस उतरवा, नाहीतर पडद्याच्या आतला फॉस्फरचा थर जळेल. मग योकच्या (ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलच्या) प्लगचं आणि व्हर्टिकल आयसीचं सोल्डर पुन्हा मारून बघा. निम्मं काम तिथेच होतं, मीटर पिशवीतच राहतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चार्ज असलेला कपॅसिटर सॉकेटमध्ये घातला तर टेस्टर त्याच क्षणी मेला. सप्लायच्या मेन फिल्टर कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात. सप्लाय बंद पडलेल्या सेटमध्ये ते बराच वेळ टिकून राहतात आणि माणसालाही सोडत नाहीत. होल्डरमधला साधा फिलामेंटचा बल्ब दोन टोकांना लावून तो उतरवा, मग मल्टीमीटरने खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. ट्यूबच्या ॲनोड कॅपखाली तर २५ हजार व्होल्टच्या आसपास मामला असतो. ज्यांनी हे काम कुणाच्या हाताखाली पाहिलेलं नाही त्यांनी मागचं झाकण उघडूच नये.

नऊ व्होल्टची बॅटरी लवकर संपते, ही किरकोळ तक्रार. उघड्या बोर्डापेक्षा केसवाला घ्या. ज्याच्याकडे वर्षातून एखादा सेट येतो त्याने संशयास्पद कपॅसिटर सरळ बदलून टाकावेत, तेवढ्या पैशात ढीगभर येतात. नियमित करणाऱ्याने मात्र घ्यावा, आणि पुण्याची तापकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, खरेदीला जाताना खिशात ठेवावा. १०५ डिग्री छापलेले नवे कोरे कपॅसिटरही काउंटरवरच मोजून घेतो मी. दुकानदार जरा वैतागतो, पण जास्त ईएसआरवाले मुकाट्याने बदलून देतो.