इनर व्हीलची सदस्य व्हावं का? वर्गणी भरून झालेलं मत

बायकांचा क्लब म्हणजे साडी, सेल्फी आणि समोसे, असं आमच्या शेजारच्या काकांचं ठाम मत आहे. तिन्ही असतात, नाकारत नाही. पदग्रहणाला सगळ्यांनी एका रंगाच्या साड्या नेसायच्या म्हणजे दोन महिने आधीपासून रंगावर वाद. पण शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इनर व्हील या बायकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, आमच्या तालुक्याच्या गावातल्या क्लबात गेले आणि टिकले. अनेक जणी विचारतात, पैसे वसूल होतात का? म्हणून हे सविस्तर.

वर्गणी क्लबगणिक वेगळी. आमच्याकडे दोन बऱ्यापैकी सुती साड्यांच्या किमतीत वर्ष निघतं. त्यातला काही भाग डिस्ट्रिक्टला, म्हणजे आमच्या भागातल्या क्लबांच्या गटाला, आणि वर आंतरराष्ट्रीय संस्थेला जातो. खरा खर्च नंतरचा: अधिवेशनाचा प्रवास, भेटवस्तू, डीसी म्हणजे डिस्ट्रिक्ट चेअरमन येणार म्हणून हार-तुरे. हा शेवटचा खर्च मला अजिबात पटत नाही, आणि मीटिंगमध्ये मी तो दरवर्षी बोलून दाखवते.

समाजकार्याच्या बाजूला मी दहापैकी सहा गुण देईन. मुलींच्या शाळेत हिमोग्लोबिन तपासणी केली, ते छान झालं, कारण आमच्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी कमी निघालेल्या मुलींची नावं लिहून घेतली आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. अशी पुढची तपासणी फार थोड्या क्लबांत होते. एरवी शिलाई मशीन द्यायचं, फोटो काढायचा आणि मशीन चालतंय का ते पाहायला कुणी जायचं नाही, हा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो. फक्त समाजसेवाच करायची असेल तर थेट एखाद्या संस्थेत जाऊन काम करा, तिथे वेळ कमी वाया जातो.

मग मी का टिकले? इनर व्हीलच्या तीन उद्दिष्टांत पहिलं आहे खरी मैत्री. सेवा दुसरी, आणि देशादेशांतला सलोखा तिसरा. या क्रमाने मोजलं तर हिशेब एकदम बदलतो.

सुरुवातही मैत्रीतूनच झालेली. रोटरी या समाजसेवी क्लबाच्या सदस्यांच्या बायका नवऱ्यांना मदत करत होत्याच. १५ नोव्हेंबर १९२३ रोजी त्यातल्या सत्तावीस जणी मँचेस्टरच्या एका टर्किश बाथमध्ये जमल्या, आणि १० जानेवारी १९२४ ला क्लबची रीतसर स्थापना झाली. पुढाकार होता मार्गारेट गोल्डिंग यांचा. परिचारिकेचं शिक्षण घेतलेली, स्वतःचा व्यवसाय सांभाळणारी ही बाई, पण ओळख 'मिसेस ऑलिव्हर गोल्डिंग' अशी, नवऱ्याच्या नावाने. आपल्याकडच्या जुन्या लग्नपत्रिकांवरच्या 'सौ.'सारखंच. भारतात पहिला क्लब १९५५ मध्ये अहमदाबादला निघाला. पूर्वी रोटेरियनच्या घरातली बाईच सदस्य होऊ शकत असे. २०१२ नंतर ते दार इतरांनाही उघडलं. माझ्या घरात रोटरीशी कुणाचा काडीचा संबंध नाही, त्यामुळे हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता आयएसओ, म्हणजे इंटरनॅशनल सर्व्हिस ऑर्गनायझर. नाव ऐकून कारखान्याचं प्रमाणपत्र आठवतं, पण हे क्लबातलं पद आहे. परदेशातल्या क्लबांशी पत्रव्यवहार ठेवणारी बाई. अध्यक्षपदासाठी रुसवेफुगवे होतात, या पदासाठी कुणी पुढे येत नाही, म्हणून ते माझ्याकडे आलं. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका क्लबशी आमची जोडी आहे. हिवाळ्यात तिकडे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा इकडे साडेचार, म्हणजे आमचा चहा आणि त्यांची कॉफी एकाच झूमवर. सुरुवातीला इंग्रजीच्या भीतीने आमच्याकडच्या बायका नुसत्या हसत बसायच्या. मग तिकडच्या एका आजींनी गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय काढला, आणि आमच्या बँकवाल्या वहिनी मराठी-इंग्रजी मिसळून अर्धा तास बोलल्या. त्यानंतर कुणाला भाषेची अडचण आली नाही.

इनर व्हील डे १० जानेवारीला, संक्रांत लगेच मागोमाग. आम्ही हलव्याचे दागिने कुरिअरने पाठवले. वाटेत निम्मा हलवा सुटला, तरी तिथल्या अध्यक्षबाईंनी कॉलरवर, म्हणजे गळ्यात घालायच्या पदाच्या पट्ट्यावर, तो हार घालून फोटो पाठवला. त्यांनी उलट विणलेल्या इवल्या लोकरी टोप्या पाठवल्या आणि त्या ऐन मे महिन्यात पोचल्या. आम्ही कपाळाला हात लावला. ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरनी मात्र लगेच ठेवून घेतल्या. कमी वजनाच्या बाळाची ऊब डोक्यावाटे झपाट्याने जाते, त्याला उन्हाळ्यातही टोपी लागते, म्हणाल्या. विणणाऱ्या आजींना हे कळवलं, तर पुढच्या खेपेला दुप्पट आल्या.

घरी सून-मुलगा, शेजार, नातलग सगळे आहेत. पण मी कुणाची आई किंवा काकू नसताना जोडलेली माणसं मला इथेच मिळाली. या खात्यात दहापैकी नऊ. एक गुण हार-तुऱ्यांसाठी कापला.

जायचं मनात असेल तर वर्ष जुलैत सुरू होतं, त्याआधी मे-जूनमध्ये एकदोन मीटिंगांना पाहुणी म्हणून बसा. समोसे खा. मग आयएसओ कोण आहे आणि परदेशातून शेवटचं पत्र कधी आलं ते विचारा. 'बघून सांगते' असं उत्तर आलं, तर जवळपासचा दुसरा क्लब बघा.