विहिरीचा सुरुंग की खदानीचा?

चोपड्याला राहणारा माझा भाचा विचारत होता, "मामा, सुरुंग उडवायच्या कामाला विहिरीवाल्यांच्या टोळीत जाऊ की खडी क्रशरच्या खदानीत?"

पैसा आधी. विहिरीत ठेका असतो, दिवाळीनंतर मिरगापर्यंत हात रिकामा राहत नाही, पण पाऊस लागला की घरी. खदानीत महिन्याचा पगार. ठेक्याच्या चांगल्या महिन्याइतका नाही, पण किराणा दुकानदार उधारी देतो.

कागदपत्रांत खदान जड. स्फोटक नियम २००८ प्रमाणे सुरुंग उडवणाऱ्याला परवाना लागतो. खाण कायद्याखालच्या खदानीत त्याऐवजी ब्लास्टरचं, म्हणजे सुरुंगवाल्याचं, सर्टिफिकेट, ते खाण सुरक्षा महासंचालनालयाचं. विहिरीवर बिनपरवान्याचेही दिसतात. तू त्यांच्यात नको.

धोक्याचं मात्र नीट ऐक. खदानीत काळ्या दगडाच्या बाकाला, म्हणजे कापलेल्या पायरीला, खोल भोकं, भोंगा वाजला की आपण लांब. विहिरीत चाळीस फूट खाली उतरून भोकांत स्फोटकाचे तोटे भरायचे, वाट एकच, क्रेनच्या डोलाची. स्फोटानंतर धूर तळाशी बसतो. घाईने उतरणारा गुदमरतो. आणि एखादा तोटा फुसका राहिला तर? मी भोकं मोजायचो, मग फुटलेले बार मोजायचो. एकदा नऊ भोकं, आठच बार. त्या दिवशी कुणालाच उतरू दिलं नाही, शेतकरी शिव्या घालत बसला.

१ एप्रिल २०२५ पासून विजेच्या डेटोनेटरवर, म्हणजे तोटा फोडणाऱ्या टोपीवर, बंदी आहे, जुना माल कुणी स्वस्तात दिला तरी दोन्हीकडे नाहीच.

घरी शेती असेल, चार-सहा महिनेच काम हवं असेल, तर जाणत्या परवानाधारकाच्या हाताखाली विहीर. लग्न ठरलंय म्हणतोस, तर खदान.