बेळगावच्या खडे बाजारातून आणलेली पेशीश्वसनाची प्रयोगपेटी

खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. पेशी अन्नातून ऊर्जा कशी मिळवते, हा भाग दरवर्षी फळ्यावरच्या एका समीकरणात अडकून पडतो, म्हणून गेल्या डिसेंबरात बेळगावच्या खडे बाजारातील एका दुकानातून ८५० रुपयांना ही पेटी घेतली. आतापर्यंत ती चार वेळा वापरून झाली आहे. साहित्य चांगले आहे. सोबतचा तक्ता मात्र मुलांपुढे टांगण्याच्या योग्यतेचा नाही.

पेटीत दोन शंकुपात्रे, रबरी बुचे, वाकवलेली काचनळी, तापमापक, कोरड्या यीस्टच्या पुड्या, ग्लुकोज आणि चुन्याची पूड मिळते. काच जाड आहे आणि बूच इतके घट्ट बसते की वायू नळीवाटेच बाहेर पडतो. पहिल्या दिवशी तरीही काहीच घडले नाही. आमच्याकडची डिसेंबरातील सकाळ, त्यात नळाचे गार पाणी; अर्धा तास मुले पात्राकडे नुसती पाहत राहिली. मग पात्र कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवले, तेव्हा कुठे फेस चढला आणि नळीच्या टोकाशी एकेक बुडबुडा सुटू लागला. पाणी ३५ ते ४० अंश सेल्सिअस असावे, कारण यीस्टमधील विकरे, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, थंडीत मंदावतात आणि फार गरम पाण्यात यीस्ट मरूनच जाते. ही साधी सूचना माहितीपत्रकात नाही. चुन्याची पूडही हवा लागून निकामी झालेली निघाली. पानपट्टीवरचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला आणि वरची निवळी गाळून घेतली, तर ती काचेसारखी स्वच्छ मिळाली आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे शिरताच दुधाळ झाली.

आता तक्ता. त्यावरची नावे कन्नड आणि इंग्रजीत आहेत. कन्नड आमच्या मुलांना वाचता येते, तक्रार त्याबद्दल नाही. पण ज्या भाषेत त्यांना उत्तर लिहायचे आहे, त्या भाषेतले ‘तंतुकणिका’ (पेशीतील ऊर्जा तयार करणारे अंगक, मायटोकाँड्रिया) आणि ‘पेशीद्रव्य’ (पेशीत अंगकांभोवती असलेला द्रव) हे शब्द मला चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवावे लागले. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, तक्त्यावर ग्लुकोजचा बाण थेट तंतुकणिकेत शिरताना दाखवला आहे. प्रत्यक्षात सहा कार्बनचे ग्लुकोज पेशीद्रव्यातच फुटते, त्यापासून तीन कार्बनचे पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात आणि निव्वळ २ एटीपी (पेशी ऊर्जा साठवून वापरते तो रेणू) पदरी पडतात; या टप्प्याला ऑक्सिजन लागतच नाही. तंतुकणिकेत जाते ते पायरुविक आम्ल. तिथे, आणि पुढे हान्स क्रेब्स या शास्त्रज्ञाने १९३७ साली मांडलेल्या अभिक्रियांच्या चक्रात, कार्बन डायऑक्साइड सुटतो. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन वाहक रेणूंमार्फत तंतुकणिकेच्या आतील पटलाकडे (पातळ आवरणाकडे) जातात, त्यांच्या जोरावर हायड्रोजनचे आयन (विद्युतभारित कण) पटलापलीकडे ढकलले जातात, आणि तेच आयन परतताना एटीपी बनवणारे विकर अक्षरशः चक्रासारखे फिरवतात.

ऑक्सिजनचे काम या साखळीच्या अगदी शेवटी येते: थकलेले इलेक्ट्रॉन स्वीकारून त्याचे पाणी होते. तक्त्यात मात्र तो कार्बनला जाऊन चिकटतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, असे चित्र आहे. नेमकी हीच चूक मुले उत्तरपत्रिकेत करतात, आणि ती पुसायला मला दरवर्षी दोन तास लागतात. एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी हा तक्त्यावरचा आकडाही जुन्या हिशेबाचा आहे. आज साधारण ३० ते ३२ धरले जातात, कारण काही आयन पटलातून झिरपतात आणि रेणूंच्या ने-आणीतही ऊर्जा खर्च होते.

खोक्यावर ‘संपूर्ण पेशीश्वसन’ असे छापले आहे, तेही खरे नाही. बंद पात्रातील यीस्ट हवेविना साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते आणि २ एटीपींवरच थांबते. ऑक्सिजनचा मार्ग दाखवण्यासाठी मी दोन थर्मास घेतले. एकात मोड आलेली मटकी, दुसऱ्यात उकडून जंतुनाशकाने धुतलेली, म्हणजे श्वसन न करणारी, आणि दोन्हींच्या तोंडाशी हवा जाईल असा कापूस. दुसऱ्या दिवशी सकाळी मोडांच्या थर्मासातील पारा तीन अंशांनी वर होता. ग्लुकोजमधील ऊर्जेचा जेमतेम एक तृतीयांश भाग एटीपीत साठतो आणि उरलेली उष्णता होते, हे सांगितल्यावर एका मुलीने स्वतःचा तळहात गालाला लावून पाहिला. पेटीत या प्रयोगासाठी तापमापक आहे, पण प्रयोगाचा उल्लेख कुठेही नाही.

यीस्टच्या पुड्या संपल्यावर त्या दुकानात सुट्या मिळत नाहीत. बेकरीचे सामान विकणाऱ्याकडील कोरडे यीस्ट तितकेच चांगले चालते, आणि ग्लुकोजऐवजी गुळाचे पाणी घेतले तरी बुडबुडे जोमाने येतात.