फिजिक्स आणि प्रॉबॅबिलिटीच्या होमवर्कसाठी ऑनलाइन ट्यूटर दोन महिने वापरला, त्याबद्दल

घ्यायच्या आधी मी खूप शोधलं होतं, पण सगळीकडे नुसतं मस्त आहे, नक्की घ्या, एवढंच वाचायला मिळालं, गणित अडल्यावर नक्की होतं काय ते कुणीच लिहिलेलं नव्हतं म्हणून मी जरा सविस्तर लिहितेय. सर्व्हिसचं नाव देत नाही, कारण अशा बऱ्याच आहेत आणि साचा साधारण एकच असतो, एकतर प्रश्नाचा फोटो टाकायचा आणि स्टेप्ससकट उत्तर घ्यायचं, नाहीतर लाइव्ह ट्यूटर घ्यायचा आणि स्क्रीनवरच्या बोर्डवर दोघांनी मिळून सोडवायचं. मी दोन्ही वापरलं. मी पहिल्या वर्षाला आहे, फिजिक्स आणि स्टॅट्स दोन्ही एकदम अंगावर आले होते.

आधी फोटोवाल्याचं सांगते. पहिले काही दिवस खूप भारी वाटलं, अर्ध्या मिनिटात उत्तर. मग एक दिवस पिशवीतल्या बॉल्सचं गणित टाकलं, ५ लाल, ३ निळे, एकापाठोपाठ दोन काढले, पहिला परत न ठेवता, तर दोन्ही लाल निघायची शक्यता किती. उत्तर आलं २५/६४. स्टेप्स छान, अक्षर स्वच्छ, मी तसंच उतरवून घेतलं आणि पुस्तकात मागे बघते तर ५/१४. तासभर मी माझंच काय चुकलं ते शोधत बसले. चूक एवढीच होती की त्यांनी 'परत न ठेवता' हे तीन शब्द वाचलेच नव्हते. पहिला लाल निघाला की पिशवीत सात उरतात आणि त्यातले चार लाल, म्हणजे ५/८ गुणिले ४/७, झालं. तक्रार केली तर तीन दिवसांनी तयार मेसेज आला की तुमचा प्रश्न सोडवण्यात आला आहे. मला खरंच वाईट वाटलं, कारण ज्याला विषय येत नाही तोच मदत मागतो ना, त्याला चूक पकडता कशी येणार?

पण लाइव्ह ट्यूटर मिळाल्या त्या मॅडमसाठी मी पाचपैकी पाच देईन. उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं न्यूमेरिकल होतं, वस्तुमान २ किलो, उतार ३० अंशांचा, फ्रिक्शनचा गुणांक ०.२, त्वरण काढा. माझं उत्तर २.९४ येत होतं, हवं होतं ३.२. मी थेट म्हटलं, मॅडम फॉर्म्युला कुठला लावायचा? त्या म्हणाल्या, "फॉर्म्युला राहू दे, आधी वहीचा फोटो पाठव, तुझी आकृती कुठंय?" आकृती काढलीच नव्हती. मग त्यांनी बोर्डवर नुसता एक ठोकळा काढला आणि म्हणाल्या आता याला कोण कोण ढकलतंय, ओढतंय ते तूच काढ. खाली वजन काढलं, उताराला लंब नॉर्मल, म्हणजे उतार ठोकळ्याला उलट ढकलतो ते बळ, आणि उताराच्या वरच्या दिशेने फ्रिक्शन. इथपर्यंत ठीक. पण नॉर्मल मी एमजी, म्हणजे पूर्ण वजनाइतका धरला होता, सवयीने, सपाट टेबलावर धरतो तसा.

त्यांनी चूक दाखवली नाही, विचारलं, "हाच उतार भिंतीसारखा सरळ उभा केला, तर ठोकळा भिंतीवर किती दाबला जाईल?" अजिबातच नाही, सरळ खाली पडेल. "आणि पूर्ण आडवा केला तर?" तर पूर्ण एमजी. म्हणजे मधल्या कोनाला नॉर्मल या दोघांच्या मधे कुठेतरी असणार, आणि एमजी कॉस थीटा (थीटा म्हणजे उताराचा कोन) का ते मला तिथे पहिल्यांदा कळलं, आधी मी साइन लावायचा की कॉस ते नशिबावर सोडत होते. नॉर्मल १९.६ नाही, १७ न्यूटनच्या जवळपास, फ्रिक्शन ३.९ ऐवजी ३.४, आणि उत्तर बरोबर ३.२. वर त्यांनी सांगितलं आता २ किलोच्या जागी ५ किलो घालून बघ. घातलं, तेच उत्तर. वस्तुमान कटूनच जातं! तेव्हापासून उत्तर आलं की मी आधी कोन शून्य आणि नव्वद करून बघते, अजून एकदाही वाया गेलेलं नाही.

प्रॉबॅबिलिटीला वेगळे सर होते, तेही चांगले. फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा सहा पडायची शक्यता किती, यात मी १/६ चार वेळा मिळवून ४/६ लिहिलं होतं. सर म्हणाले, "बरं, मग सात वेळा टाकला तर?" ७/६. एकापेक्षा जास्त शक्यता! लिहितानाच हात थांबला. मग उलटं केलं, चारही वेळा सहा न पडायची शक्यता ५/६ चा चौथा घात म्हणजे ६२५/१२९६, ती एकातून वजा, ६७१/१२९६, साधारण ०.५१८. निम्म्यापेक्षा जेमतेम जास्त. मग सरांनी सांगितलं की फ्रान्समधल्या द मेरे नावाच्या फाशांच्या शौकिनाने असाच प्रश्न पास्कलला घातला होता, आणि १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन गणितज्ञांमध्ये जी पत्रं झाली त्यात हा विषय आहे. दोन फासे २४ वेळा टाकले तर निदान एकदा दोन्हीवर सहा पडायची शक्यता निघते ०.४९१, म्हणजे निम्म्याच्या आत, जरी माझ्यासारखं नुसतं मिळवलं तर ४/६ आणि २४/३६ सारखेच दिसत असले तरी. हे ऐकल्यावर 'निदान एकदा' असा शब्द दिसला की एकातून वजा करायचं हे डोक्यात पक्कं बसलं, पाठ करावं लागलं नाही.

आता ज्याचा त्रास झाला ते. ट्यूटर सगळे असे नसतात, एक जण काही न विचारता पूर्ण सोल्युशन टाइप करून 'समजलं का' म्हणून मोकळे झाले. एकांनी जी, म्हणजे गुरुत्वत्वरण, १० धरला आणि आमच्या असाइनमेंटमध्ये ९.८ लागतो, ऑनलाइन तपासणीत माझी तीन उत्तरं चुकीची धरली गेली, तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाका कुठली किंमत घ्यायची ते. नेट गेलं तरी सेशनचं घड्याळ चालूच राहतं, हे मला अजिबात पटलेलं नाही. माउसने बोर्डवर लिहिणं म्हणजे वैताग, त्यापेक्षा वहीत लिहा आणि फोटो टाका.

आणि मार्कांच्या असाइनमेंटसाठी घेणार असाल तर आधी आपल्या शिक्षकांना विचारा. मी विचारलं होतं, ते म्हणाले समजून घ्यायला मदत घे, लिहायचं मात्र स्वतः. मी सरावाची गणितं सेशनमध्ये घेते आणि असाइनमेंट एकटीने करते, त्याला वेळ जास्त लागतो पण परीक्षेत कुणी शेजारी बसलेलं नसतं.

फोटोवालं पॅकेज मी बंद केलंय, पुढच्या महिन्यासाठी फक्त लाइव्ह घेतलंय. आता रोटेशनल मोशन सुरू झालंय. फिजिक्सच्या मॅडमचा स्लॉट फार लवकर भरतो, तेव्हा एकदा चांगला ट्यूटर सापडला की त्याच सेशनमध्ये पुढचा स्लॉट बुक करून टाका, दुसऱ्या दिवशी बघितलं तर मिळत नाही.