कुंडी एकच आहे: आलं लावू की आंबेहळद?

दोन्ही एकाच कुळातली. लावणी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, काढणी पानं सुकल्यावर, म्हणजे जानेवारीच्या आसपास. कुंडी खोलपेक्षा पसरट बरी. फरक पडतो तो सोसण्यात. आलं नाजूक.

बडोद्याचं मे महिन्यातलं पश्चिमेचं ऊन लागलं की त्याची पानं टोकाकडून करपतात. पावसाळ्यात पाणी साचलं की कंदकूज. एका श्रावणात कुंडीखालची ताटली काढायची राहिली आणि दोन दिवस संततधार लागली. आठवड्यात पानं पिवळी. खोड जरा ओढलं तर सरळ हातात आलं, खाली नुसता घाण वासाचा लगदा. शेजारच्या आंबेहळदीखालीही ताटली होतीच, पण ती कमरेएवढी वाढली. कूज तिलाही लागते, माझ्याकडे लागली नाही इतकंच.

आल्याचं एक सुख मात्र आहे. सहाएक महिन्यांनी कडेची माती उकरून चहापुरता तुकडा मोडून घेता येतो. घरच्या सुंठेचा नाद सोडा. किलोभर आलं वाळवून पाव किलोही सुंठ होत नाही.

आंबेहळद चहात घालून पाहिली, नको. तिला आल्याचा तिखटपणा नाही, कापली की कैरीचा वास येतो. पातळ चकत्या, लिंबू, मीठ, बरणीत एक रात्र. सकाळी खिचडीबरोबर वाढा, लोणचं कोणी मागत नाही.

औषधापुरतं म्हणाल तर आलं पुढे. मळमळीवर, गाडी लागण्यावर त्याचा उपयोग तपासलेला आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र जास्त खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. आंबेहळदीचा मुका मारावरचा लेप आजीच्या भरवशावर. काष्ठौषधीच्या दुकानात त्याच नावाने वनहळदही देतात, ती खायची नव्हे.

मी आंबेहळद लावेन. आलं लारीवर, म्हणजे भाजीच्या हातगाडीवर, बाराही महिने मिळतं, ही खंडेराव मार्केटात थंडीपुरतीच दिसते. लीली हळदर, म्हणजे ओली हळद, शेजारीच असते, तेव्हा आंबेहळद कापून आतला फिकट रंग बघून घ्या. डोळे असलेले दोन-तीन कंद न खाता कोरड्या वाळूत ठेवा, मेमध्ये तेच बियाणं.